चोवीस डिस्क कशा मांडाव्यात: मोठ्या स्टोरेज सर्व्हरसाठी रेड आणि फाइल सिस्टिमची निवड

समजा, एका सर्व्हरमध्ये २४ डिस्क आहेत, प्रत्येक २० टीबीची. एकूण ४८० टीबी. मशिन सुरू झालं, सगळ्या डिस्क दिसू लागल्या, आणि पहिला प्रश्न समोर येतो: या डिस्क एकत्र कशा बांधायच्या (याच बांधणीला रेड म्हणतात) आणि वर कोणती फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली डिस्कवर मांडून सांभाळणारी व्यवस्था, घालायची? बरेच जण इन्स्टॉल करताना स्क्रीनवर आलेल्या पर्यायांतला ओळखीचा वाटेल तो निवडून हे काम उरकून टाकतात. पण रॅम नंतर वाढवता येते, नेटवर्क कार्ड बदलता येतं, प्रोसेसरही बदलता येतो. डेटा भरल्यावर डिस्कची मांडणी बदलायची, तर मात्र सगळा डेटा दुसरीकडे हलवून पुन्हा आणावा लागतो. तीन-चारशे टीबी तात्पुरते ठेवायला जागा असते अशी माणसं थोडी.

मांडणी ठरवायची माझी पद्धत अशी आहे: वेग आणि जागा बाजूला ठेवायची आणि डिस्क बंद पडते त्या दिवसापासून विचार सुरू करायचा. त्या दिवशी किती तास धोका राहील, तेवढ्या वेळात आणखी काय बिघडू शकतं, आणि तरी डेटा वाचेल का, हे आधी पाहायचं. जागेचा हिशेब त्यानंतर.

रेडच्या मुळाशी काय आहे

१९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. तेव्हा मोठ्या संगणकांना लागणाऱ्या डिस्क अवाढव्य आणि महाग असत. त्याऐवजी लहान, स्वस्त डिस्क मोठ्या संख्येने एकत्र वापराव्यात, अशी त्यांची कल्पना होती. त्यातली अडचणही त्यांनीच मांडली: डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी कधीही बंद पडण्याची शक्यता जास्त. म्हणून थोडी जास्तीची माहिती लिहून ठेवायची, म्हणजे गेलेली डिस्क उरलेल्यांवरून पुन्हा उभी करता येईल. रेड म्हणजे एवढंच.

ही जास्तीची माहिती दोन प्रकारे ठेवता येते. पहिला प्रकार म्हणजे सरळ नक्कल. जे एका डिस्कवर, तेच दुसऱ्या डिस्कवर. याला मिरर म्हणतात, म्हणजेच रेड १. अशा अनेक जोड्यांवर डेटा पसरला की ते रेड १०. अर्धी जागा जाते, पण समजायला आणि दुरुस्त करायला याहून सोपं काही नाही.

दुसरा प्रकार पॅरिटीचा. तीन डिस्कवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत असं धरा. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज, २०, लिहून ठेवली. आता दुसरी डिस्क गेली, तर २० मधून ७ आणि ९ वजा केले की ४ परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी एक्सॉर नावाची बिटांची क्रिया वापरतात, पण विचार हाच. हे झालं रेड ५. एक डिस्क गेली तर एक अज्ञात, आणि ते सोडवायला एक समीकरण पुरतं. दोन डिस्क एकदम गेल्या तर दोन अज्ञात, म्हणून दुसरं, वेगळं समीकरण लागतं. रेड ६ मध्ये ते असतं. त्यामागचं गणित १९६० साली रीड आणि सॉलोमन यांनी मांडलेल्या त्रुटी-दुरुस्तीच्या संकेतांतून आलं आहे. तीन समीकरणांची सोयही आहे. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये या तिन्हींना रेड-झेड १, २ आणि ३ म्हणतात.

रेड ० चं नाव यादीत असलं तरी त्यात जास्तीची माहिती काहीच नसते. एक डिस्क गेली की सगळं गेलं. पुन्हा सहज तयार करता येईल अशा तात्पुरत्या डेटासाठीच ते वापरावं.

डिस्क बंद पडते त्या दिवशी

आता त्या दिवसाकडे वळू. २४ पैकी एक डिस्क गेली. तुम्ही नवी घातली आणि रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा नवीवर पुन्हा उभा करणं, सुरू झालं. २० टीबीची डिस्क भरायला किती वेळ लागेल? अशा डिस्कवर सुरुवातीच्या भागात सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपास लिहिता येतं आणि आतल्या भागात त्याच्या निम्म्यापर्यंत घसरतं. सरासरी २०० धरली तरी १ लाख सेकंद लागतात, म्हणजे जवळपास २८ तास. हा आदर्श स्थितीतला आकडा झाला. सर्व्हर त्याच वेळी लोकांची कामंही करत असेल, तर तीन-चार दिवस लागणं अगदी नेहमीचं. डिस्कची क्षमता वर्षागणिक वाढत गेली, वेग त्या मानाने फार थोडा वाढला. म्हणून रीबिल्डचा काळ लांबतच गेला आहे.

पॅरिटीच्या गटात या काळात उरलेल्या सगळ्या डिस्क वाचल्या जातात. १२ डिस्कचा रेड ५ गट असेल तर ११ गुणिले २०, म्हणजे २२० टीबी. डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या सेक्टरचं (डिस्कवरच्या सर्वांत लहान तुकड्याचं) प्रमाण दिलेलं असतं: मोठ्या डेटा सेंटरसाठीच्या डिस्कला बहुधा १० चा १५ वा घात इतक्या बिटांमागे एक, आणि घरगुती डिस्कला १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक. टीबीमध्ये सांगायचं तर अनुक्रमे १२५ टीबी आणि १२.५ टीबी. ही कंपनीने दिलेली वरची मर्यादा असते आणि प्रत्यक्षात डिस्क सहसा यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात. तरी कागदावरच्या आकड्याने पाहिलं, तर २२० टीबी वाचताना एक-दोन सेक्टर हाती न लागणं अपेक्षितच आहे. रेड ५ मध्ये एक डिस्क आधीच गेलेली असते, त्यामुळे तो सेक्टर परत मिळवायला दुसरा मार्ग उरत नाही. जुन्या पद्धतीचे अनेक रेड कंट्रोलर अशा वेळी रीबिल्ड तिथेच सोडून देतात आणि एका सेक्टरपायी सगळा ॲरे (एकत्र बांधलेल्या डिस्कचा संच) अडकतो.

दुसरा धोका संपूर्ण दुसरी डिस्कच जाण्याचा. २००७ साली बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन (१९८८ च्या निबंधातलेच) यांनी सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांनुसार वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात डिस्क बदलण्याचं प्रमाण अनेक ठिकाणी २ ते ४ टक्के निघालं आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत गेलं. याहून महत्त्वाची गोष्ट त्यांना दिसली ती अशी, की डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे मरत नाहीत. एक गेल्यावर लवकरच दुसरी जाण्याची शक्यता साध्या गणितापेक्षा जास्त असते. हे पटण्यासारखंच आहे. एकाच बॅचच्या डिस्क, एकाच दिवशी सुरू झालेल्या, एकाच पंख्याची हवा खाणाऱ्या, एकाच वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या, आणि त्यात रीबिल्डचा ताण.

म्हणून इतक्या मोठ्या डिस्कसाठी रेड ५ आणि रेड-झेड १ माझ्या यादीत येतच नाहीत. जागा कितीही वाचत असली, तरी कमीत कमी दोन समीकरणं हवीत. मिरर घेणार असाल तर त्याचा हिशेब वेगळा आहे, तो आता पाहू.

चोवीस डिस्कचं गणित

२४ डिस्क वेगवेगळ्या पद्धतीने बांधून पाहू. १२ मिरर जोड्या केल्या तर वापरायला २४० टीबी मिळतात. १२-१२ चे दोन गट करून प्रत्येकात दोन पॅरिटी ठेवल्या, तर ४०० टीबी. ८-८ चे तीन गट केले तर ३६०, आणि ६-६ चे चार गट केले तर ३२०. सगळ्या २४ डिस्कचा एकच गट करून तीन पॅरिटी ठेवल्या तर ४२० टीबी. हा शेवटचा आकडा मोहात पाडतो, पण तो का टाळायचा हे थोडं पुढे येईल.

आता एकाच रीबिल्डच्या काळात दोन डिस्क गेल्या असं धरा. दोन पॅरिटीच्या कोणत्याही मांडणीत डेटा शाबूत राहतो, यात शक्यतेचा प्रश्नच नाही. मिररमध्ये मात्र दुसरी जाणारी डिस्क पहिलीचीच जोडीदार असेल तर डेटा गेला, आणि उरलेल्या २३ मध्ये ती एक आहे. म्हणजे ४ टक्क्यांहून थोडी जास्त शक्यता.

तीन डिस्क गेल्या तर? तिन्ही एकाच गटात पडण्याची शक्यता १२ च्या दोन गटांत सुमारे २२ टक्के, ८ च्या तीन गटांत ८ टक्के आणि ६ च्या चार गटांत ४ टक्के येते. मिररमध्ये तिघींत एखादी जोडी सापडण्याची शक्यता १३ टक्के. हे आकडे प्रत्येक डिस्क जाण्याची शक्यता सारखीच आहे असं धरून काढले आहेत. खऱ्या जगात ते तंतोतंत उतरणार नाहीत, पण तुलनेला उपयोगी आहेत. मिरर म्हणजे सर्वांत सुरक्षित, अशी समजूत सर्रास दिसते, आणि हे गणित ती खोडून काढतं. मिररच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे: रीबिल्डला फक्त एक जोडीदार वाचायचा असतो, त्यामुळे ते लवकर संपतं आणि धोक्याचा काळ आखूड राहतो. ज्यांना मिररच हवा आणि डेटाही मोलाचा आहे, त्यांनी तिहेरी मिररचा विचार करावा. जागा मात्र एक तृतीयांशच उरते.

वेगाचं गणित याहून रोखठोक आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि हेड योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण ८ मिलिसेकंद. बेरीज १२ च्या आसपास. म्हणजे विखुरलेल्या ठिकाणचं वाचायचं-लिहायचं असेल तर एक डिस्क सेकंदाला साधारण ८० कामं करते. डिस्क कितीही मोठी घेतली तरी हा आकडा फारसा हलत नाही.

झेडएफएसच्या रेड-झेडमध्ये प्रत्येक ब्लॉक गटातल्या डिस्कवर तुकड्यांनी पसरलेला असतो आणि तो वाचायला जवळपास सगळ्या डिस्क हलवाव्या लागतात. त्यामुळे विखुरलेल्या कामांसाठी एक अख्खा गट एका डिस्कइतकाच चालतो. १२ चे दोन गट म्हणजे सेकंदाला १६० कामं, ८ चे तीन म्हणजे २४०. २४ चा एकच गट केला तर अवघी ८०, म्हणजे २४ डिस्क विकत घेऊन एका डिस्कचं काम. त्यात एवढ्या रुंद गटाचं रीबिल्डही रेंगाळतं. ४२० टीबीचा मोह टाळायचं कारण हे. याउलट १२ मिरर जोड्या लिहिताना ९६० आणि वाचताना १९०० च्या आसपास कामं करतात.

लिनक्सच्या नेहमीच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, म्हणजे एमडीमध्ये, रेड ६ वाचताना इतका मंद नसतो, कारण लहानसा ब्लॉक एकाच डिस्कवर सापडतो. लिहिताना मात्र किंमत मोजावी लागते. एक लहान बदल करायचा तर जुना डेटा आणि दोन्ही जुन्या पॅरिटी वाचायच्या, मग तिन्ही नव्याने लिहायच्या. एका लिखाणाला सहा कामं.

म्हणून पहिला खरा प्रश्न असा: या सर्व्हरवर काय राहणार आहे? व्हिडिओ, बॅकअप, वैज्ञानिक उपकरणांचा डेटा, जुनी कागदपत्रं, म्हणजे मोठ्या फाइल सलग लिहिल्या-वाचल्या जाणार असतील, तर पॅरिटी उत्तम. सलग कामात सगळ्या डिस्क एकदम पळतात आणि नेटवर्कच आधी अपुरं पडतं. व्हर्च्युअल मशिन किंवा डेटाबेस ठेवायचे असतील तर मिरर हवा. खरं तर त्यासाठी फिरत्या डिस्कऐवजी एसएसडीच घ्यावी.

मोठ्या फाइलींसाठी मी ८ चे तीन गट निवडेन. पण इथे एक तुलना करण्यासारखी आहे. ११ चे दोन गट आणि २ डिस्क राखीव ठेवल्या तरी जागा ३६० टीबीच मिळते. राखीव डिस्क असली की रात्री तीन वाजता डिस्क गेली तरी रीबिल्ड आपोआप सुरू होतं. सर्व्हर दूरच्या ठिकाणी असेल आणि तिथे पोचायला दोन-तीन दिवस लागत असतील, तर मी ही दुसरी मांडणी घेईन. कोणी रोज सर्व्हरजवळ असेल आणि नवी डिस्क कपाटात तयार असेल, तर पहिली. डिस्कची संख्या साठ-सत्तरच्या पुढे गेली की झेडएफएसमधला डीरेड हा प्रकार पाहावा. तो २०२१ च्या २.१ आवृत्तीत आला. त्यात राखीव जागा सगळ्या डिस्कवर वाटलेली असते. त्यामुळे एकाच नव्या डिस्कवर लिहीत बसण्याऐवजी सगळ्या डिस्क मिळून दुरुस्ती करतात आणि ती कितीतरी लवकर आटोपते. लहान फाइली खूप असतील तर मात्र त्यात जागा वाया जाते.

आवाज न करता होणारं नुकसान

आतापर्यंत आपण डिस्क बंद पडण्याबद्दल बोललो. मला जास्त काळजी वाटते ती चालू डिस्कने चुकीचा डेटा दिला तर त्याची. डिस्क म्हणते सगळं ठीक, पण दिलेली बाइट्स लिहिलेल्या बाइट्सशी जुळत नाहीत. कारणं बरीच आहेत: डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधली चूक, भलत्याच जागी गेलेलं लिखाण, केबल, कंट्रोलर. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १५.३ लाख डिस्क ४१ महिने पाहिल्या गेल्या आणि ४ लाखांहून जास्त वेळा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला नाही. एकेका डिस्कच्या मानाने हे प्रमाण कमी आहे. शेकडो टीबी आणि अनेक वर्षं धरली, की ते दुर्लक्ष करण्यासारखं राहत नाही.

रेड यात मदत करत नाही का? फारशी नाही. नेहमीच्या रेडमध्ये वाचताना पॅरिटी तपासलीच जात नाही. डिस्कने चूक कळवली तरच पॅरिटी कामाला येते. एमडीमध्ये पूर्ण तपासणी चालवता येते आणि ती न जुळणाऱ्या जागा मोजते, पण चूक डेटात आहे की पॅरिटीत, हे तिला ठरवता येत नाही. दुरुस्त कर म्हटलं तर ती समोरचा डेटा बरोबर धरून पॅरिटी नव्याने लिहिते. डेटाच बिघडलेला असेल, तर त्या बिघाडावर शिक्कामोर्तब होतं.

यावरचा उपाय म्हणजे फाइल सिस्टिमने प्रत्येक ब्लॉकचा चेकसम स्वतः ठेवायचा, आणि तो त्या ब्लॉकपासून दूर, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवायचा. झेडएफएस हेच करते. वाचलेला ब्लॉक जुळला नाही, तर पॅरिटीवरून किंवा मिररवरून बरोबर प्रत शोधते, तुम्हाला तीच देते आणि बिघडलेली जागा दुरुस्तही करते. दर महिन्याला एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चालवला की कोणी न उघडलेल्या फाइलीही अशा तपासून होतात.

फाइल सिस्टिम

ईएक्सटी४ ही २००८ पासून स्थिर मानली जाणारी, भरवशाची फाइल सिस्टिम आहे. एका डिस्कवर किंवा सर्व्हरच्या मूळ ड्राइव्हवर ती उत्तम. शेकडो टीबीसाठी ती माझी पहिली पसंती नाही. नेहमीच्या ४ केबी ब्लॉकमध्ये एक फाइल साधारण १६ टीबीपर्यंतच जाते, आणि किती फाइली ठेवता येतील हे ती तयार करतानाच ठरून जातं.

एक्सएफएस मोठ्या कामासाठीच जन्मली. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९३ मध्ये तिचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांचे ग्राहक चित्रपट आणि विज्ञानातले प्रचंड डेटा हाताळत होते. ती डिस्कची जागा अनेक स्वतंत्र विभागांत वाटते, त्यामुळे एकाच वेळी अनेकांचं लिखाण चाललं तरी रांग लागत नाही. २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ मध्ये ती मूळ पसंती झाली. एमडीच्या रेड ६ वर एक्सएफएस ही मांडणी वेगवान आहे, साधी आहे, आणि लिनक्सबरोबरच येत असल्यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला तरी डोक्याला ताप नाही. तिच्या मर्यादा माहीत असाव्यात. ती वाढवता येते, पण लहान करता येत नाही म्हटलं तरी चालेल. स्वतःच्या नोंदींचे चेकसम ती ठेवते, तुमच्या डेटाचे ठेवत नाही. हार्डवेअर रेडवर (वेगळ्या कार्डाने चालवलेल्या रेडवर) ती घालताना पट्ट्याची, म्हणजे सगळ्या डिस्कवर आडव्या पसरलेल्या तुकड्यांच्या ओळीची, रुंदी आणि तुकड्याचा आकार तिला हाताने सांगावा लागू शकतो. एमडीवर ते ती स्वतः ओळखते.

पॅरिटी रेडमधलं एक जुनं दुखणं इथेच सांगतो. डेटा लिहून झाला, पॅरिटी लिहायची राहिली आणि वीज गेली, तर तो पट्टा आतून विसंगत राहतो. पुढे कधीतरी डिस्क गेली की त्या चुकीच्या पॅरिटीवरून चुकीचा डेटा तयार होतो, तोही कदाचित त्या वेळी न लिहिलेल्या फाइलीचा. हार्डवेअर रेड कार्डावर बॅटरीसह कॅश (लिखाण तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी) असते ती यासाठीच. पण मग ते कार्डच बिघडलं तर बहुधा त्याच जातीचं दुसरं शोधावं लागतं, आणि पाच-सहा वर्षांनी ते मिळेलच असं नाही. एमडीमध्ये वेगळ्या एसएसडीवर जर्नल (होणाऱ्या लिखाणाची आधी केलेली नोंद) ठेवून हे भोक बुजवता येतं, आणि बहुतेक जण ते करत नाहीत. करावं.

झेडएफएसमध्ये हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये तिचं काम सुरू केलं, तेव्हा रेड आणि फाइल सिस्टिम या दोन थरांना त्यांनी एकत्र केलं. ती जुन्या जागेवर कधीच लिहीत नाही. नवं सगळं मोकळ्या जागी लिहून झालं, की शेवटी मूळ नोंद एकदम बदलते. वीज मध्येच गेली तर जुनी, सुसंगत स्थिती तशीच राहते. यातूनच स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणीची गोठवलेली स्थिती) जवळपास फुकट मिळतात, आणि दोन स्नॅपशॉटमधला फरक तेवढाच दुसऱ्या सर्व्हरवर पाठवता येतो. थरांना एकमेकांची माहिती असल्यामुळे रीबिल्डही फक्त भरलेल्या जागेचंच होतं. डिस्क अर्धीच भरली असेल तर काम साधारण अर्धं.

तिच्या मागण्याही आहेत. तिला डिस्क थेट दिसल्या पाहिजेत. हार्डवेअर रेड कार्डाने बनवलेला एकच मोठा ड्राइव्ह तिला दिला तर चूक तिला कळेल, पण दुरुस्तीला दुसरी प्रत नसेल. म्हणून साधं एचबीए कार्ड (रेड न करता डिस्क फक्त जोडून देणारं) घ्यावं. ती जागेची मोकळीक मागते. साधारण ८० टक्क्यांच्या पुढे भरत गेली की मोकळी जागा विखुरते आणि लिखाण मंदावतं. सगळ्या गटांची मिळून झालेली जागा म्हणजे पूल; त्यातला एक गट कायमचा गेला तर अख्खा पूल जातो, म्हणून घाईघाईत एकटी डिस्क पूलला गट म्हणून जोडू नये. परवान्यामुळे ती लिनक्स कर्नलचा भाग नाही, त्यामुळे कर्नल अद्ययावत करण्याआधी तिची आवृत्ती त्याला चालते का ते पाहावं लागतं. रॅम जितकी द्याल तितकी ती वाचण्यासाठी वापरते, पण दर टीबीला १ जीबी रॅम लागतेच, हा ऐकीव नियम आहे. डीड्युप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) चालू केलं तर रॅमची भूक खरोखर वाढते, आणि बहुतेकांना त्याची गरज नसते. एलझेड४ कॉम्प्रेशन (डेटा दाबून लहान करून लिहिणं) मात्र चालूच ठेवावं. मेमरी ईसीसी (स्वतःच्या चुका ओळखून दुरुस्त करणारी) असावी, कोणतीही फाइल सिस्टिम घेतली तरी.

पूर्वी रेड-झेड गटात नंतर एक डिस्क वाढवता येत नसे. जानेवारी २०२५ च्या २.३ आवृत्तीपासून ते जमतं. आधी लिहिलेला डेटा मात्र जुन्याच प्रमाणात राहतो.

बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्येही डेटाचे चेकसम आणि स्नॅपशॉट आहेत, आणि मिररसाठी ती चांगली आहे. तिचे रेड ५ आणि ६ हे प्रकार खऱ्या कामासाठी वापरू नका, असं तिच्या कागदपत्रांतच म्हटलेलं आहे. त्यामुळे २४ डिस्कच्या पॅरिटी ॲरेसाठी ती बाद.

डेटा वर्षानुवर्षं जपायचा असेल तर मी झेडएफएस घेईन, रेड-झेड २ चे ८-८ चे गट करून. डेटा मूळ ठिकाणाहून पुन्हा आणता येण्यासारखा असेल, वेग महत्त्वाचा असेल आणि सांभाळणाऱ्या माणसांना फक्त नेहमीचं लिनक्स येत असेल, तर एमडी रेड ६ वर एक्सएफएस. सांभाळणारा माणूस हाही मांडणीचा भाग आहे. रात्री अपरात्री दुरुस्ती त्यालाच करायची असते.

खरेदीपूर्वी आणि डेटा भरण्यापूर्वी

डिस्क घेताना ती एसएमआर प्रकारची नाही याची खात्री करा. या डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे मधलं थोडंसं बदलायचं तरी मोठा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. रीबिल्डमध्ये त्या इतक्या मंदावतात, की ॲरे त्यांना मेलेली समजून बाहेर काढू शकतो. नेटवर्क स्टोरेजसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर आहेत, हे २०२० साली उघड झालं. म्हणून खोक्यावरच्या शब्दांपेक्षा मॉडेल क्रमांक तपासा.

दुसरी तपासणी चूक आल्यावर डिस्क किती वेळ झगडते त्या मर्यादेची. न वाचता येणारा सेक्टर आला की सर्व्हरसाठीची डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानते आणि कळवते, मग रेड तो सेक्टर दुसरीकडून उभा करतं. घरगुती डिस्क मिनिटभरही झगडत राहू शकते. लिनक्स मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद थांबतं आणि मग डिस्कच निकामी झाली असं धरू लागतं. एका सेक्टरपायी चांगली डिस्क ॲरेबाहेर जाते ती अशी. मर्यादा बदलता येत असेल तर डिस्कची कमी करा, नसेल तर लिनक्सची वाढवा. झेडएफएसमध्ये गट बनवतानाच ॲशिफ्ट (सेक्टरचा आकार सांगणारं सेटिंग) १२ द्या, म्हणजे ४ केबीच्या सेक्टरशी लिखाण जुळेल. गट बनल्यावर हा आकडा बदलता येत नाही.

जागेचा अंदाजही आधीच खाली आणून ठेवा. डिस्क विकणारा १००० ने मोजतो, संगणक बहुधा १०२४ ने. तुमचे ३६० टीबी स्क्रीनवर ३२७ दिसतील, आणि ८० टक्क्यांचा नियम पाळला तर प्रत्यक्ष वापरायला २६० च्या आसपास उरतील. मागणी ३०० ची असेल तर हे आजच कळलेलं बरं.

यातली कोणतीही मांडणी चुकून पुसलेली फाइल परत देत नाही. खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम, आग, पाणी, किंवा सगळ्या डिस्कना एकदम झटका देणारा वीजपुरवठा, यांच्यापुढे रेड-झेड ३ सुद्धा हतबल आहे. दुसऱ्या जागी दुसरी प्रत हवीच. तिचा खर्च याच अंदाजपत्रकात धरा, मग पहिल्या सर्व्हरच्या डिस्क कमी कराव्या लागल्या तरी चालेल.

आणि डेटा भरण्याआधी एक दिवस चाचणीला द्या. प्रत्येक डिस्कच्या खणावर तिचा अनुक्रमांक चिकटवा, कारण २४ दिव्यांतून नेमकी मेलेली डिस्क ओळखताना चुकीची ओढली गेली तर नुकसान दुप्पट होतं. पूलमध्ये काही टीबी कामचलाऊ डेटा लिहा, एक डिस्क चालू सर्व्हरमधून ओढा आणि पाहा: सूचनेचा ईमेल आला का, कोणाला आला, स्क्रीनवर त्याच अनुक्रमांकाची डिस्क गेली असं दिसतं का. मग तिच्या जागी दुसरी घाला आणि रीबिल्डला लागलेला वेळ लिहून ठेवा. त्याच दिवशी बॅकअपमधून एक मोठं फोल्डर परत आणून मूळ फोल्डरशी चेकसमने पडताळा.